गरिबी तपासायला आलेले पाहुणे

गरिबी हटवण्याच्या कामात मला आता बरीच वर्षं झाली, आणि स्वतःच्या अनुभवावरून एक गोष्ट छातीठोकपणे सांगते: या कामात किमान एका माणसाची गरिबी हटतेच. माझी हटली. आधी मी गंगाखेडच्या कॉलेजची पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी होते. मग एका संस्थेनं मला क्षेत्र समन्वयक केलं, स्कूटीला पेट्रोल दिलं, गळ्यात ओळखपत्र अडकवलं. घरावरचे गळके पत्रे बदलले. वडील गेल्यावरही आई कुणाच्या ना कुणाच्या जोडीनं ऊसतोडीला जायची, ते बंद झालं. विकसनशील देशांतल्या बाकीच्या लोकांचं काय व्हायचं ते होवो, राणीसावरगावजवळच्या आमच्या वस्तीतलं एक घर तरी संस्थेनं वर काढलं. अहवालात मात्र त्याचा कुठंही उल्लेख नाही.

अधूनमधून आम्हाला परभणीला प्रशिक्षणाला बोलावतात. मंगल कार्यालयाचा हॉल असतो. मागच्या लग्नाची झालर लोंबत असते आणि तिच्याखाली दारिद्र्य निर्मूलनाच्या धोरणांचा फलक. तज्ज्ञ लोक आम्हाला रंगीत कार्डं वाटतात. पिवळ्या कार्डावर समस्या लिहायची, हिरव्यावर उपाय. एकदा मी हिरव्या कार्डावर ‘मजुरी वाढवा’ असं लिहिलं. तज्ज्ञांनी माझं कौतुक केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि ते कार्ड भिंतीच्या पार वरच्या कोपऱ्यात ‘दीर्घकालीन’ या मथळ्याखाली चिकटवलं. जी गोष्ट कधीच होणार नाही तिची तिथं सोय केलेली असते. मग जेवण. गरिबीवर चर्चा करताना भूक फार लागते, त्यामुळे गुलाबजाम नेहमी कमी पडतात.

त्या वर्षीचं धोरण असं होतं की फुकट काही वाटायचं नाही, गरिबातल्या गरीब बाईला कमाईचं साधन द्यायचं. शेळ्या, शिलाई मशीन किंवा पिठाची गिरणी. साधन मिळालं की बाई त्याच्यावर पाय देऊन गरिबीच्या बाहेर चढणार. हे चढणं तज्ज्ञांनी पडद्यावर शिडीचं चित्र काढून दाखवलं होतं. ज्या वस्त्या निवडल्या त्यांत आमचीही होती. आणि वस्तीनं विहारासमोर बैठक घेऊन गिरणीसाठी एकमतानं जे नाव पुढं केलं ते माझ्या काकूचं होतं. मी तोंड उघडायच्या आत सगळ्यांचे हात वर गेले होते.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको, आईची जाऊ. काका गेल्यापासून ती आपल्या भावाबरोबर ऊस तोडायला जायची. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक तोडणारा आणि एक मोळ्या बांधणारा, असे दोघं मिळून एक कोयता. बहुतेक नवरा-बायकोच असतात. एकट्या बाईला कुणी नेत नाही. त्या वर्षी काकूच्या भावाची कंबर कायमची धरली आणि काकूची जोडी मोडली. घरात दुसरं माणूस म्हणजे तिची मुलगी, दहावीला असलेली. गणितात हुशार, बोलायला कमी, आणि काकूच्या मते जगात तिच्यासारखी दुसरी नाही. गिरणी आली तर काकू घरी आणि पोरगी शाळेत. गिरणी नाही आली तर दिवाळीच्या आधी दोघीही ट्रकमध्ये. हे वस्तीतल्या लहान पोरालाही कळत होतं.

गिरणी चालणार यात शंका नव्हती. आमच्याकडे दळण डोक्यावर घेऊन राणीसावरगावला जावं लागतं. लाइट गेली की पायली ठेवून परत यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. काकूनं पुढच्या खोलीतला कोपरा रिकामा केला, चुन्यानं रंगवला, वायरमनला सांगून तिथं बोर्डसुद्धा बसवून घेतला. पोरगी म्हणाली, “म्या इथंच बसून अभ्यास करीन, गिऱ्हाईक आलं की उठीन.” काकू तो मोकळा कोपरा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.

आता फक्त तपासणी राहिली होती. म्हणजे पुण्याहून एक मॅडम येणार, घरोघर जाऊन वस्ती खरंच गरीब आहे का ते बघणार. गरिबांचा काही भरवसा नाही, ते उगाच गरीब असल्याचं सोंग करतात, असं संस्थेच्या वरच्या लोकांचं मत होतं. आमच्या लोकांनी नेमकं उलटं सोंग केलं.

हे समजायला आमच्या वस्तीची एक रीत सांगावी लागेल. आमच्या आजोबांच्या पिढीला गावातल्या हॉटेलात चहा वेगळ्या कपात मिळायचा. तो कप बाहेर वळचणीला खोचलेला असायचा. आपला आपण काढायचा, दुरून ओतलेला चहा प्यायचा, धुऊन पुन्हा खोचायचा. आमच्या लोकांनी धम्म घेतला, तरी तो कप पुढं बरीच वर्षं वळचणीलाच होता. त्यामुळं असेल, पण आमच्या वस्तीत पाहुण्याला चांगल्या कपात चहा देणं ही इज्जतीची गोष्ट आहे. आता प्रत्येकाकडे चांगले कप असायचे तर पैसे पाहिजेत. म्हणून वस्तीनं कुणी न ठरवता ठरवून टाकलं की पाहुणा कुणाच्याही घरी आला तरी तो सगळ्यांचा. त्याला बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या रिटायर पोस्टमन आजोबांच्या घरून येतात. उभा पंखा शिंप्याकडून. पलंगावरची फुलाफुलांची चादर अंगणवाडीच्या मदतनीस बाईची. आणि कपबशा व ट्रे आमच्या आईचा, मी पहिल्या पगारातून घेतलेला. मुलगी बघायला पाहुणे आले तरी हेच सामान फिरतं. वस्तीतली निम्मी लग्नं त्याच खुर्च्यांवर ठरली आहेत, आणि ती काही वाईट चाललेली नाहीत.

मला हे सगळं माहीत होतं, म्हणून मी आदल्या दिवशी बायकांना विहाराच्या ओट्यावर गोळा केलं आणि सांगितलं, “हे बघा, मॅडम यायलेत त्या गरिबी बघायला. घर जसं हाय तसंच ऱ्हाऊ द्या. काहीबी सजवायचं न्हाई.”

आई म्हणाली, “म्हंजे? पाव्हण्या घरी येनार आन आमी त्येंला भुईवर बसवायचं?”

“हो. बसवायचं.”

“ह्याच्यासाठी शिकवलं व्हय तुला?”

मी काकूकडे बघितलं. तिला तरी समजेल असं वाटलं होतं. काकू म्हणाली, “आगं, गरीब हाय म्हून सांगीन की म्या तोंडानं. चहा पाजला म्हून काय गरिबी पळून जाती का?”

सगळ्या बायका हसल्या. बैठक संपली. पुढचं मला कळायला पाहिजे होतं, पण माणूस आपल्या आईसमोर फार तर दोनदा वाद घालतो, मग गप्प बसतो.

मॅडम दुसऱ्या दिवशी उशिरा आल्या. वाटेत पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन घेतलं म्हणाल्या, प्रसादही आणला होता. सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, हातात टॅबलेट. बाई खरंच चांगल्या होत्या. प्रत्येक घरात चप्पल बाहेर काढून जायच्या, लेकरांना नाव विचारायच्या. वाईट माणूस असता तर मला राग काढायला तरी बरं झालं असतं.

पहिलं घर विहाराजवळचं. आत गेलो तर खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, पंखा भरारा चाललेला, पलंगावर फुलाफुलांची चादर. चहा आला, आईच्या ट्रेमध्ये. मॅडमनी टॅबलेटवर बोट फिरवलं. घरात खुर्च्या आहेत का? आहेत. विजेचा पंखा? आहे. पलंग? आहे. काचेची किंवा चिनी मातीची भांडी? आहेत. टॅबलेट शहाणा होता, फक्त आहे का तेवढंच विचारत होता. कुणाचं आहे हे विचारण्याची त्याला रीत नव्हती.

आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो. मागच्या दारानं खुर्च्या बाहेर पडल्या. बोळातून पाय वाजत होते, कुणीतरी “पंख्याची वायर सांभाळ” असं ओरडलं. मॅडमना वाटलं शेजारी कुणाचं तरी कार्य आहे. दुसऱ्या घरात पोचलो तर खुर्च्या मांडून तयार. मॅडम बसल्या आणि म्हणाल्या, “अरे, गरम आहे, उन्हात होती का?” घरवाली म्हणाली, “हो, वाळायला घातली व्हती.” प्लास्टिकची खुर्ची वाळत घालायचं कारण मॅडमनी विचारलं नाही.

तिसऱ्या घरात ट्रे घेऊन स्वतः आईच उभी होती, धापा टाकत. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही मघाशीही होता ना?” आई म्हणाली, “मी समद्यांच्यात असते.” मी दारात उभी राहून तिला डोळ्यांनी दटावत होते आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती. चौथ्या घरी मॅडमनी चहाला हात जोडले. पण चहा न घेता उठायची सोय आमच्याकडे नाही, अर्धा कप तरी घ्यावाच लागला. पंखा मात्र त्या घरात पोचला तेव्हा लाइट गेलेली होती. तो नुसताच उभा राहिला, आणि टॅबलेटला तेवढंही पुरलं.

शेवटी काकूचं घर. काकूनं अंगण सारवलेलं, मुलीला धुतलेला शाळेचा ड्रेस घातलेला. खुर्च्या होत्या, पंखा होता, चादर होती. चुन्यानं रंगवलेला मोकळा कोपराही होता. काकूनं मॅडमना बसवलं आणि ठरल्याप्रमाणे तोंडानं सांगायला लागली.

“मॅडम, लय हाल हायेत बघा. म्या उसाला जाते. मालक न्हाईत. आता भाऊबी जाग्यावर बसला. ह्या पोरीला शिकवायचंय. गिरनी भेटली तर इथं बसवीन,” आणि तिनं कोपरा दाखवला.

हे सगळं ती चहा ओतत ओतत सांगत होती, नीट, कप बशीत ठेवून, बशी ट्रेमध्ये ठेवून. मॅडम मान हलवत होत्या, मनापासून ऐकत होत्या. पण ऐकलेलं भरायला टॅबलेटमध्ये जागा नव्हती, बघितलेलं भरायलाच होती. त्यांनी बोट फिरवलं आणि पडदा हिरवा झाला. शेताला आलेला हिरवा रंग आम्हाला आवडतो. टॅबलेटवरच्या हिरव्याचा अर्थ होता, हे घर गरीब नाही.

परतताना जीपमध्ये मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. खुर्च्या एकाच घरच्या, पंखा एकच, कपबशा माझ्या आईच्या. मला वाटलं त्या चिडतील. त्यांचे डोळे पाणावले.

“किती सुंदर,” त्या म्हणाल्या. “याला सामाजिक भांडवल म्हणतात. शहरात हे राहिलंच नाही.”

“मॅडम, पण काकूच्या घरात एकही खुर्ची नाही.”

“होती ना. मी बसले.”

“उसनी होती.”

“उसनी असा पर्याय नाही यात.”

“मग ‘नाही’ करा.”

“बघितलेलं नाही कसं म्हणू? ते खोटं होईल.” मग माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “आणि खरं सांगू का? जिथं अशी एकमेकांना देण्याची वृत्ती नसते ना, ते खरे गरीब. तुमची वस्ती त्या अर्थानं फार श्रीमंत आहे.”

गंगाखेड येईपर्यंत मी त्या अर्थाकडे बघत बसले.

महिन्याभरानं परभणीला बैठक झाली. तीच झालर, तेच गुलाबजाम. पडद्यावर काकूचा फोटो आला, हातात ट्रे, चेहऱ्यावर पाहुण्यासमोर असतं तसं हसू. खाली लिहिलं होतं, ‘स्वबळावर दारिद्र्याबाहेर’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून म्हणाले, ही बाई दारिद्र्याबाहेर नाही, ती दोन आठवड्यांत ऊस तोडायला जाणार आहे. संस्थेचे साहेब म्हणाले, चांगला मुद्दा आहे, आणि पिवळ्या कार्डावर लिहून द्यायला सांगितलं. गिरणी दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावाला गेली. त्या गावच्या लोकांनी तपासणीच्या दिवशी टीव्ही कडब्याच्या गंजीत लपवले होते, हे मला नंतर कळलं. मला त्यांचा राग आला नाही. जग त्यांना आमच्यापेक्षा नीट कळलं होतं, एवढंच.

काकूला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“आगं पन म्या सांगितलं की त्येंला,” ती म्हणाली. “तोंडानं सांगितलं. तू व्हतीस की.”

मी म्हटलं, होते. आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती उठून घरी गेली. संध्याकाळी बघते तर तिनं ट्रे आणि कपबशा एका पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. आईला एवढी खजील झालेली मी कधी बघितली नव्हती, आणि खरं तर तिनं खजील व्हावं असं काही नव्हतंच. पाहुण्याला कपात चहा दिला होता, चोरी केली नव्हती. मला इतका संताप आला की कुणावर काढावा कळेना, शेवटी मी ओळखपत्राची दोरीच तोडली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना गाठ मारून घातली.

दसरा झाला आणि ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम आला. मुकादमाला टॅबलेट लागत नाही. तो खुर्चीवर बसत नाही, चहा घेत नाही. दारातच उभा राहून एकदा आत नजर टाकतो आणि त्याला सगळं कळतं. घरात धान्य किती, बाई किती अडलेली, पोरगी किती मोठी. आमच्या जिल्ह्यात गरीब कोण हे आजवर एकदाही न चुकता ओळखणारा हा एकच माणूस, आणि त्याला कुठल्याच संस्थेनं प्रशिक्षण दिलेलं नाही.

“एकटीला न्हेत न्हाई,” तो काकूला म्हणाला. “पोरगी हाय की.”

“दहावीला हाय ती.”

“मग बघा तुमी. ट्रक सोमवारी सकाळी हाय. दोन बायांचा कोयता तसाबी कुनी घेत न्हाई, मी घ्यायलोय.”

मी काकूला म्हणाले, जाऊ नको, मी बघते घराचं. काकू समजुतीनं हसली. “किती वर्सं बघशील? तुझं लगीन झाल्यावर काय करू म्या?” दारिद्र्य निर्मूलनाचं कुठलंच धोरण या प्रश्नापर्यंत आलेलं नव्हतं.

रविवारी पोरगी पिशवीत पुस्तकं भरून माझ्याकडे आली. रडत नव्हती. “ताई, तुझ्याकडं ठिव,” म्हणाली, “आमच्या घरात उंदरं खातेत.” तिनं गणिताच्या पुस्तकात, जिथवर झालं होतं तिथं, मोराचं पीस ठेवलं होतं. मी पिशवी घेतली आणि आत जाऊन रडले. आई चुलीपुढं बसली होती. भाकरी थापत राहिली, नेहमीपेक्षा जास्त थापल्या, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी ट्रक विहारासमोर उभा राहिला. गाठोडी चढली, पत्र्याचे डबे चढले, शेळ्या चढल्या, लेकरं चढली. काकू मुलीचा हात धरून उभी होती. इतक्यात आमच्या घरातून आई बाहेर आली. साडीवर वडिलांचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, काखेत गाठोडं आणि हातात कोयता. तो कोयता घरात अजून होता हेसुद्धा मला माहीत नव्हतं. काकूजवळ जाऊन तिनं पोरीचा हात काकूच्या हातातून सोडवला आणि माझ्या हातात दिला.

“ही तुझ्याकडं ऱ्हाईल. परीक्षा हुईस्तोर तिला कामाला लावायचं न्हाई,” ती म्हणाली.

मी ओरडले. तुला या वयात काय सुचतंय, गुडघे बघ, लोक काय म्हणतील, मी नोकरीला कशाला आहे, सगळं बोलले. काकूही “बाई, असं नगं करूस” म्हणत तिचा दंड धरून उभी राहिली. आईनं दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं आणि गाठोडं ट्रकमध्ये टाकलं. मग काकूला म्हणाली, “चल, बस. आपल्यात आदी कोन तोडीत व्हतं ठावं हाय न्हवं तुला? तू मोळ्या बांध.”

मुकादमानं तिला खालून वरपर्यंत बघितलं. “मावशे, झेपंल का? तुझी तर लेक मोठ्या नोकरीला हाय म्हनं.”

आईनं फाळक्यावर पाय ठेवला, वरून एका बाईनं तिला हात दिला.

“हाय की,” ती म्हणाली. “गरिबी हटवायलीय ती. तिचं उरकंस्तोर मी येते जाऊन.”